मरणाचं ठिकाण

माझा नवरा दोनदा मेला. पहिल्यांदा सणसर सोडल्यावर, रस्त्यावर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर. दुसऱ्यांदा आमच्या वस्तीवर, दारात, त्याच्या आईच्या मांडीवर. त्याच्या मृत्यूचा दाखला काढायला मला जी वर्षं लागली ती या दोन मांड्यांमुळं लागली. कचेरीतल्या माणसांना मी तेव्हा मनातल्या मनात फार शिव्या घातल्या. आता म्हातारपणी वाटतं, त्यातल्या निम्म्या माझ्याच वाटणीच्या होत्या.

आमची वस्ती निरवांगीच्या पलीकडं, नीरा नदीच्या अंगाला. सासऱ्यांच्या काळापर्यंत या घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि घाट उतरून कोकणात चालत जायचं, पावसाच्या आधी परत यायचं. सासूबाईंचं अर्धं आयुष्य त्या घोड्यामागं चालण्यात गेलं. मी त्यांना आत्या म्हणायची. त्यांची बाळंतपणं वाटेवर झाली, दोन लेकरं वाटेवर गेली, आणि एका वर्षी घाटाखाली कुणाच्या तरी रानात सासरेही गेले. तिथंच माती दिली. पुढच्या वर्षी कळप त्याच वाटेनं गेला तेव्हा रानाच्या मालकानं नांगर फिरवलेला होता. आत्यांना जागा सापडली नाही. ही गोष्ट त्या भाकरी थापता थापता सांगायच्या, आवाज न बदलता. त्याच वर्षी त्यांनी मेंढरं विकली आणि कॅनॉलच्या पाण्यावर शेती धरली. ‘माझ्या घरातलं मानूस आता वाटंवर मरायचं न्हाय,’ असं त्या म्हणायच्या. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं.

त्या दिवशी उसाचा हंगाम जोरात होता. सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. बारामतीच्या दवाखान्यात न्यायला शेजारच्याची जीप निघाली. पुढं चुलत सासरे बसले, त्यांना सगळे तात्या म्हणत. मागं मी, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. निघताना मी फार हुशारी केली होती. पिशवीत रेशनकार्ड घेतलं, दोन फोटो घेतले, जुन्या औषधाच्या चिठ्ठ्या घेतल्या, ह्यांचा धुतलेला सदराही घेतला. दवाखान्यात माणूस नीटनेटकं दिसावं म्हणून. सातवी पास होते ना मी. कागदपत्रांचं महत्त्व वस्तीवर माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

सणसरच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. मागं-पुढं गाड्यांची रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. ह्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘पानी हाय का?’

पिशवीत सगळं होतं, पाणी नव्हतं.

मी तात्यांना हाक मारली, तात्या खाली उतरून उसाच्या फडाकडं पळाले, कुणाच्या तरी कळशीतून तांब्याभर घेऊन आले. तोवर मांडीवरचं डोकं जड झालं होतं. ते कसं कळतं हे सांगता येत नाही. मेंढीचं कोकरू हातात मेलं की जसं कळतं तसंच कळतं, त्याला शिक्षण लागत नाही.

तरी बारामतीला नेलं. दवाखान्याचे डॉक्टर स्वतः जीपपाशी आले, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली. भला माणूस होता. तात्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘आत घेतलं तर पोलीस येणार, चिरफाड होणार, उद्यापर्यंत ताब्यात मिळणार नाही. घरी घेऊन जा.’ तात्यांनी हात जोडले. कागदाचा एक कपटाही झाला नाही. आम्हांला ते उपकारच वाटले, आणि त्या दिवशी ते होतेही.

परतीच्या वाटेवर तात्यांनी घरी फोन केला. ‘सिरीयस हाय, आणतोय,’ एवढंच बोलले. मग मागं वळून मला म्हणाले, ‘सूनबाई, भाईर गेलेला मानूस घरात घेत न्हाईत, तुला म्हाईत हाय. परस्पर नदीवर न्यावं लागंल. पर म्हातारीला काय सांगायचं? वाटंवर गेला म्हून?’

मी पिशवीतला धुतलेला सदरा काढून ह्यांच्या अंगावर टाकला.

‘जीव हाय अजून, असं म्हनायचं. दारात उतरवायचा. तितं गेला. ड्रायव्हर आपलाच हाय. तू फकस्त त्वांड मिटून बस.’

मी तोंड मिटलं. दारात चटई टाकलेली होती. आत्यांनी डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्यातलं पाणी ओठाला लावलं. तात्या वाकून म्हणाले, ‘घेतलं, वैनी. घेतलं त्यानं.’ आत्यांनी पुन्हा थोडं घातलं. मग तात्यांनीच नाडी बघितल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. तेव्हा बायका रडायला लागल्या. मीही त्यांच्याबरोबर रडले. दुसऱ्यांदा रडताना मला लाज वाटत होती, कारण माझं आधीच रडून झालं होतं आणि डोळ्यांत काही उरलं नव्हतं.

पुढं वर्षभर मी कोपऱ्यात. आमच्याकडं वर्षाचं होईपर्यंत विधवेनं उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. बाकीच्या कुणाला ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायचं सुचलं नाही. सगळं गाव मातीला आलं होतं. गावाला माहीत असलेली गोष्ट गावच्याच कचेरीत जाऊन सांगायची, हे तात्यांना खुळ्यासारखं वाटायचं. ‘त्यांला काय दिसलं न्हाय व्हय?’ म्हणायचे.

वर्ष संपलं आणि अडचण उभी राहिली. जमीन ह्यांच्या नावावर. डाळिंबाची बाग पाण्यावाचून जळायला लागली होती, बोअर घेतला होता, पण विजेचं कनेक्शन मागायला गेलं की म्हणायचे, मालकाची सही आणा. मालक मेला म्हटलं तर वारस नोंद करा म्हणायचे. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला. दाखला मिळेपर्यंत मी, माझी दोन पोरं आणि आत्या, आमचा त्या रानाशी कागदावर काही संबंधच नव्हता.

म्हणून ती शहाणी बाई निघाली. तिला मी ‘ती’च म्हणते, कारण तिच्याशी नातं सांगायला मला नको वाटतं. चाळिशीची, साडीची घडी मोडू न देता बसणारी, पिशवीत रेशनकार्ड, आणि डोक्यात गुरुजींनी बसवलेलं एक वाक्य की सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं.

ग्रामसेवक नवीन आले होते. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, ‘कुठं मयत झाले?’

त्या क्षणी ‘घरी’ एवढं म्हटलं असतं तर उशिराच्या नोंदीचे सोपस्कार करून, पाच-सात चकरांत गोष्ट संपली असती. तात्यांनी गावात तेच सांगितलं होतं, पोलीसपाटलांनी तेच ऐकलं होतं. पण ती बाई खुर्चीत ताठ बसून म्हणाली, ‘सणसरच्या पुढं, रस्त्यावर, जीपमदी.’

ग्रामसेवकांनी पेन ठेवलं. ‘मग बाई, आमच्या हद्दीत नाही झाला.’

‘राहायला हितंच होतं की.’

‘राहायला कुठं होते ते विचारत नाही नियम. मरायला कुठं होते ते विचारतो.’

हे त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही. त्यांनाही ते वाक्य बोलल्यावर जरा कसंसं झालं असावं. त्यांनी मला पाणी दिलं आणि समजावलं की चालत्या गाडीत माणूस गेला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली त्या गावात नोंद होते. मी म्हटलं, गाडी चालत नव्हती, उभीच होती. ते म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला, जिथं उभी होती ते गाव.

ती बाई हे ऐकून खूश झाली. नियम आहे म्हणजे वाट आहे, असं तिला वाटलं.

रस्त्याकडेच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत मला विचारलं, आमच्या स्मशानात दहन झालं का? नाही. आमच्या गावचा कोणी साक्षीदार? उसाच्या फडात ज्यानं कळशीतलं पाणी दिलं तो तोडणीचा माणूस. हंगाम संपल्यावर तो आपल्या मुलखात गेला. मग आम्ही कशावरून लिहावं? मी म्हटलं, मी सांगते त्यावरून. तिथले ग्रामसेवक भाऊसाहेब हसले नाहीत. म्हणाले, ‘दवाखान्याचा कागद आणा.’

दवाखान्यात जुनी रजिस्टरं बघितली. ह्यांचं नाव कुठंच नव्हतं. ते डॉक्टर दुसरीकडं गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मावशी, पेशंट आतच आला नाही तर आम्ही काय देणार?’

म्हणजे घरी मेला नाही, रस्त्यात मेला नाही, दवाखान्यात मेला नाही. मतदार यादीत तो जिवंत होताच. निवडणुकीला त्याच्या नावाची चिठ्ठी घरी आली आणि आत्यांनी ती देवघरात ठेवली.

वर्ष उलटून गेल्यामुळं आता वरच्या साहेबांचा आदेश लागणार होता. त्यासाठी तीन गावांची ‘नोंद आढळत नाही’ अशी पत्रं, माझं प्रतिज्ञापत्र, आणि तलाठ्यानं घरी येऊन घेतलेले जबाब. कधी इंदापूर, कधी बारामती. पहाटे स्वयंपाक करून निघायचं, टेबलापाशी उभं राहायचं, साहेब मीटिंगला गेले असं ऐकायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परतायचं. ती बाई प्रत्येक वेळी साडीची घडी सांभाळून जायची. कुणी ‘ताई, बसा’ म्हटलं की तिला वाटायचं काम झालं. एका कारकुनानं तिच्या फाइलीला नवीन दोरी बांधून दिली तर ती घरी येऊन सांगते, ‘आज फाइल पुढं सरकली.’ दोरीच काय ती नवीन होती.

प्रतिज्ञापत्रात तिनं सगळं खरं लिहून घेतलं. ट्रॉली, जीप, सणसरच्या पुढचा तो तुकडा. बाहेर टाइप करणाऱ्यानं विचारलं, ‘पाणी मागितलं होतं हेपण टाकू का?’ ती म्हणाली, ‘नको.’ सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं, पण खरं किती लिहायचं हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

मग तलाठी वस्तीवर आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. मी आत चुलीपाशी. मला वाटलं होतं तात्यांचा जबाब घेतील आणि जातील. तात्या वेळेला शहाणे. ते म्हणाले, ‘मला नीट आठवत न्हाय, वय झालं.’ तलाठ्यांनी आत्यांकडं बघितलं. ‘आजी, तुमचा मुलगा कुठं वारला?’

‘हितं,’ आत्या म्हणाल्या. चटई जिथं टाकली होती तिथं त्यांनी हात ठेवला. ‘माझ्या मांडीवर. पानी प्याला आन् गेला. ल्हिवा.’

तलाठ्यांनी लिहिलं, अंगठा घेतला आणि जाताना मला खुणेनं बाहेर बोलावलं. ‘ताई, तुमचं प्रतिज्ञापत्र एक सांगतं, म्हातारीचा जबाब दुसरं सांगतो. असं वर गेलं तर साहेब परत पाठवणार. तुम्ही दोघी घरात बसून एक ठरवा. त्यांना समजावून सांगा, मी पुन्हा येऊन जबाब घेतो.’

खरंच तसंच झालं. फाइल परत आली. बाग त्या उन्हाळ्यात अर्धी वाळली होती.

एक ठरवा म्हणे. मी एका दुपारी ठरवलं. आत्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले, मूठभर शेंगा घेतल्या. म्हटलं, ‘आत्या, त्या दिवशी जीपमदी...’

‘दोन घोट घेतलं त्यानं,’ त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं. ‘तिसरा न्हाय गेला. तवाच मी वळखलं. पर दोन गेलं. त्येच्या बापाला एक बी मिळाला न्हवता.’

शेंगा फोडत राहिल्या. मी पण फोडल्या. टरफलं एकत्र करून बाहेर टाकली. त्या दुपारी मी जे बोलले ते एवढंच.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. जिवंतपणी त्यांनी मला नवरा कधी पुरता दिला नाही. तो कुठल्या भाजीला नाक मुरडतो, कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं त्यांनाच माहीत. मी आपली वीस वर्षांची नवखी. एक मरण तेवढं माझं एकटीचं होतं. त्या ट्रॉलीमागं, त्या उकाड्यात, त्यानं शेवटचं मागितलं ते मला मागितलं, आणि मला देता आलं नाही, तरी मागितलं मला. तेही आता त्यांच्या मांडीवर गेलं होतं. मयत माणसावरून सासूशी भांडायचं म्हणजे काय अक्कल, पण मी भांडत होते, महिनोन्महिने, एक शब्द न बोलता.

शेवटी मीच मागं घेतलं. मोठ्या कचेरीत बाईसाहेब होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी फाइल चाळली आणि हळू विचारलं, ‘आजींना सांगणं शक्य नाही का?’

‘न्हाय.’

‘मग तुम्ही लिहून द्या की तुमच्याकडून ठिकाण चुकलं. नवीन अर्ज करा, गावातच नोंदीचा आदेश देता येईल. पण आधीचं प्रतिज्ञापत्र चुकलं कसं, याचं कारण लागेल.’

ते कारण टाइप करणाऱ्याकडं तयारच होतं. त्यानं विचारलंही नाही, सरळ लिहिलं की पतीच्या आजारपणामुळं अर्जदाराचं भान हरपलं होतं, त्यामुळं प्रवासात मृत्यू झाल्याचा तिचा समज झाला, तो चुकीचा होता. मला वाचून दाखवलं. ‘बरोबर आहे ना, काकू?’

मी म्हटलं, ‘झकास लिहिलंय.’

मी सही केली. मी भ्रमिष्ट होते असं मीच शपथेवर सांगितलं. ट्रॉली आडवी झाली नाही, जीप थांबली नाही, कुणी पाणी मागितलं नाही. तिथून बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतलं आणि स्टँडवर जाऊन बसले. एस.टी. आली, गेली. दुसरी आली तेव्हा उठले.

त्यानंतर मात्र कागद चालायला लागला. तात्यांना सगळं आठवलं, पोलीसपाटलांनी सही केली, ज्यांनी ज्यांनी दारात रडून घेतलं होतं ते सगळे साक्षीदार झाले. पावसाळ्याच्या तोंडाला दाखला आला. मृत्यूचे ठिकाण: राहते घर. वारस नोंद झाली, आत्यांचं नाव, माझं नाव, पोरांची नावं. कनेक्शन मिळालं तोवर बाग काढून टाकली होती. त्या रानात आता पोरगा ऊस लावतो.

मी दाखला आत्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मग? मी काय येगळं सांगत हुते? उगं हेलपाटं घातलंस.’

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना अंथरुणावरून उठवत नव्हतं. मी चमच्यानं पाणी घालायची, त्यातलं थोडं आत जायचं, बाकीचं हनुवटीवरून उशीवर. एकदा असंच पुसत असताना त्यांनी माझं मनगट धरलं.

‘त्येचं बी असंच भाईर आलं हुतं,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या लुगड्यावर. घोट गेला न्हाय का गं?’

मी म्हटलं, ‘गेला की, आत्या. दोन गेलं.’

‘तू कुठं हुतीस तवा?’

‘हितंच. तुमच्या शेजारी.’

‘कागद हाय न्हवं त्यो? वाच.’

मी पेटीतून दाखला काढला. त्यात पाण्याचं काही लिहिलेलं नव्हतं, तरी मी वाचला. नाव, गाव, राहते घर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोळे मिटून.

‘सरकार काय आलं हुतं व्हय बघाया,’ त्या म्हणाल्या, आणि माझं मनगट सोडून भिंतीकडं तोंड केलं.